समाचाराला जाणारी माणसं कशी तयार करायची

चर्चच्या पाळकसाहेबांनी (पास्टरांनी) तुम्हाला उपासनेनंतर बाजूला घेऊन म्हटलं असेल, "आपल्यातल्या आजारी, एकट्या पडलेल्या लोकांना भेटायला कोणीतरी हवं. चार माणसं तयार करा ना." तुम्ही भिडेखातर हो म्हणालात आणि आता रात्री झोप येत नाही. मीही सात वर्षांपूर्वी असंच हो म्हटलं होतं. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, शहरातली, मराठी, दीडशेच्या आसपास कुटुंबांची. तोवर मी फक्त शब्बाथशाळा, म्हणजे मुलांची रविवारची शाळा, घेत होते. पहिल्या वर्षी मी जे जे केलं त्यातलं निम्मं चुकलं. त्यातून जे हाती लागलं ते क्रमानं लिहिते.

पहिली चूक आधी सांगते, कारण ती सगळेच करतात. सूचनांच्या वेळी मी पुढे गेले, बायबलमधला मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचला, "मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचारास आला" या ओळीवर माझा गळाही दाटून आला. दाराशी टेबलावर सह्यांसाठी वही ठेवली. तेवीस नावं आली! शनिवारी चार वाजता चर्चच्या आवारात जमलो आम्ही पाच जण, मला धरून. त्यातल्या दोघी माझ्या जावा.

मग मी त्या तेवीस जणांना एकेकटं गाठलं. कोणाच्या घरी, कोणाला भाजीच्या गाडीपाशी. "वेळ नाही" हे उत्तर वरवरचं निघालं. थोडं बोलल्यावर खरं बाहेर यायचं. "तिथं जाऊन बोलायचं काय?" "मला मोठ्यानं प्रार्थना करता येत नाही." "त्या रडायला लागल्या तर?" "पैसे मागितले तर?" लोकांना माया कमी नव्हती, भीती होती. आणि भीती चारचौघांत आवाहन करून जात नाही. ती जाते कोणाच्या तरी मागून एकदा त्या घरात शिरल्यावर. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

१. आधी यादी करा, माणसं नंतर

पाळकांबरोबर आणि महिला मंडळातल्या एखाद्या जुन्या बाईंबरोबर तासभर बसा. पाळकांना आजारी माणसं माहीत असतात. कोण सहा महिन्यांपासून उपासनेला आलं नाही आणि का, हे महिला मंडळाला माहीत असतं. आमच्या पहिल्या यादीत एकोणीस घरं निघाली. अंथरुणाला खिळलेले मोजके होते. नवरा गेल्यावर एकट्या राहणाऱ्या, मुलं परदेशी असलेली म्हातारी जोडपी, दिवस-रात्र आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्या सुना, असेच जास्त.

साधी दोनशे पानी वही घ्या. रकाने इतकेच: नाव, घरात कोण कोण, कोणती वेळ सोयीची, शेवटी कोण गेलं, पुढची तारीख. आजाराचा रकाना ठेवू नका. वही चाळताना कोणाचीही नजर पडते.

यादीतल्या प्रत्येक घरी आधी फोन करून विचारा, "आमच्यातले दोघं भेटायला आले तर चालेल का?" नको म्हणाले तर नको. महिन्यानं पुन्हा विचारा.

२. पाळकांना बरोबर घ्या, नाहीतर दार उघडणार नाही

हा अडथळा मला आधी दिसलाच नव्हता. एका घरी आम्ही दोघी गेलो. आजोबांनी आमच्या मागे जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पाळकसाहेब मागून येताहेत ना?" नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पाळक आले तरच भेट, बाकी सगळं चहापाणी, असं पुष्कळांना वाटतं.

हे काही पूर्वीपासूनचं नाही. आमच्या आजीच्या काळी मिशनच्या पगारावर बायबलबाया असायच्या. घरोघर जाऊन वाचून दाखवणं, बाळंतिणीची विचारपूस करणं, हेच त्यांचं काम. पुढे ती नेमणूक गेली आणि घरं पाळकांच्या एकट्याच्या गळ्यात पडली. ज्या पाळकाकडे दोन-तीन ठिकाणच्या उपासना आहेत, त्यानं एकोणीस घरं कधी करायची? शास्त्रातही (बायबलमध्ये) हा प्रश्न जुनाच आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की हे काम तुला एकट्याला झेपायचं नाही, माणसं वाटून घे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी स्वतः धावाधाव केली नाही, सात माणसं निवडायला लावली.

पाळकांकडून दोन गोष्टी मागून घ्या. एक, या दोन उताऱ्यांवर एक उपदेश. दोन, प्रत्येक घरी पहिल्या वेळी त्यांनी स्वतः बरोबर येऊन म्हणावं, "पुढच्या वेळी या येतील." तेवढ्यानं आमची निम्मी दारं उघडली.

३. एका वेळी एकालाच विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कोणाला विचारायचं? गाणारे, बोलणारे, पुढे बसणारे आधी डोळ्यांसमोर येतात. त्यांना सोडा, त्यांच्याकडे आधीच चार कामं आहेत. उपासना संपल्यावर खुर्च्या कोण रचतं ते बघा. म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरताना न सांगता हात कोण देतं? लग्नाच्या पंगतीत शेवटी आलेल्याला वाढायला कोण थांबतं? अशी चार-पाच नावं काढा.

कसं विचारायचं? मी शब्द न् शब्द लिहिते, हवे तर तसेच वापरा: "शनिवारी चारला मी मावशींकडे जाणार आहे. माझ्याबरोबर येता का? तुम्हाला काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. पावणेपाचला आपण बाहेर." यात दिवस आहे, वेळ आहे, सुटायची वेळ आहे आणि बोलण्याच्या ओझ्यातून सुटका आहे. "आमच्या गटात सामील व्हा" असं म्हणू नका. गट म्हटलं की बैठका, वर्गणी आणि पदाधिकारी आठवतात.

आमच्या मंडळीत एक गॅरेजवाले काका आहेत. उपासनेला मागच्या बाकावर, दानार्पण झालं की अर्धं लक्ष दुकानाकडे. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, मला प्रार्थना करता येत नाही. पाना धरता येतो." म्हटलं, या तरी. ज्या घरी गेलो तिथे लकवा झालेले आजोबा होते आणि त्यांच्या कमोडच्या खुर्चीचा एक पाय हलत होता. सूनबाई त्याखाली पुठ्ठ्याची घडी घालायच्या, रोज ती भिजायची. मी स्तोत्र वाचत होते आणि काकांचं लक्ष त्या पुठ्ठ्यावर. वाचून झाल्यावर ते खाली गेले, स्कूटरच्या डिकीतून पाना आणि रबराची बूचं घेऊन आले आणि दहा मिनिटांत खुर्ची पक्की केली. आजोबांना नीट बोलता येत नाही. त्यांनी डाव्या हातानं काकांचं मनगट धरलं ते सोडेनात. परत येताना काका म्हणाले, "पुढच्या शनिवारी कोणाकडे?"

तेव्हापासून मी "प्रार्थना येत नाही" हे उत्तर ऐकलं की खूश होते.

दोन सावधगिऱ्या. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झालाय, त्यांना "तुम्हीच दुसऱ्यांना समजून घेऊ शकाल" म्हणून लगेच ओढू नका. निदान वर्ष जाऊ द्या. आणि ज्यांना दुसऱ्यांच्या घरातलं जाणून घ्यायची फार हौस आहे, ते स्वतःहून पहिले येतील. त्यांना नाताळच्या सजावटीचं काम द्या.

४. कागद आणि सामान

कागदांचा कंटाळा येतो, पण आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरात आपण माणसं पाठवतोय. प्रत्येकाकडून एवढं घ्या:

- नाव, पत्ता, फोन लिहिलेला अर्ज आणि आधार कार्डाची प्रत
- मंडळीतल्या दोन जाणत्या माणसांची शिफारस
- "ऐकलेलं बाहेर सांगणार नाही, पैशाचा व्यवहार करणार नाही, एकट्यानं जाणार नाही" एवढ्या तीन ओळींवर सही
- पंचकमिटीचा (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) ठराव आणि पाळकांच्या सहीचं ओळखपत्र (सोसायटीचे वॉचमन आणि हॉस्पिटलचे शिपाई यांच्यासाठी)

पिशवीत मोठ्या अक्षरांचं बायबल, एक गीतपुस्तक, पाण्याची बाटली, रुमाल. वही नेऊ नका. समोर बसून लिहायला लागलात की माणूस पंचनामा झाल्यासारखा गप्प होतो.

५. पहिली भेट: काय करायचं आणि काय नाही

मराठीत समाचाराला जाणं वेगळं आणि समाचार घेणं वेगळं. आपली पुष्कळ मंडळी निघतात समाचाराला आणि जाऊन समाचारच घेतात. "काय हो, तीन रविवार दिसला नाहीत?" "डॉक्टर बदलला का नाही?" "मुलगा येतो का बघायला?" तुमच्या नव्या माणसाला हा फरक जिन्यातच सांगून ठेवा.

दोघांनी जा. बाईंकडे जाताना दोघांत एक बाई असू द्या. खाली बसायला सांगितलं तर खाली बसा. आजाऱ्याच्या पलंगावर मात्र बसू नका. डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील असं बसा, मान वर करून बोलायला लावू नका.

मग? मग काही नाही. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तीन मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

या वाक्यांवर आमच्याकडे बंदी आहे: "देवाची इच्छा होती." "याहून वाईट झालं असतं." "तुमचा विश्वास कमी पडतोय." "माझ्या चुलत भावाला हेच झालं होतं" (आणि चुलत भाऊ पुढे वारला, हे सांगणाऱ्याला वाक्याच्या मध्यावर आठवतं). त्याऐवजी "रात्री झोप लागते का?" असं विचारा. या एका प्रश्नानं आमच्याकडे जितकी मनं मोकळी झाली तितकी दुसऱ्या कशानंही नाही. विचारून गप्प बसा. समोरचा रडला तर पाठीवर थोपटून "रडू नका" म्हणू नका. पाण्याचा पेला जवळ सरकवा आणि थांबा.

आजाऱ्याइतकंच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाकडे लक्ष ठेवा. आमच्यातल्या एक जणी आत जाऊन सुनेला म्हणतात, "मी इथे बसते, तू अर्धा तास खाली चक्कर मारून ये." एक सून म्हणाली होती, "मला चक्कर नको, केस धुवायचेत." चार दिवस तिला तेवढी सवड मिळाली नव्हती.

वाचन लहान ठेवा. तेविसावं किंवा एकशे एकविसावं स्तोत्र पुरतं. सुरुवातीला उत्साहाच्या भरात मी एका मावशींना योहानाचे दोन अख्खे अध्याय वाचून दाखवले; त्यांना लघवीला जायचं होतं आणि शास्त्र चालू असताना कसं उठायचं म्हणून त्या बिचाऱ्या तशाच पडून राहिल्या. प्रार्थनेआधी विचारा, "कशासाठी प्रार्थना करू?" उत्तर पुष्कळदा आपल्या अंदाजापेक्षा वेगळं येतं. गुडघा सोडून नातवाच्या नोकरीसाठी करायला सांगतात. नव्या माणसाला प्रार्थना जमत नसेल तर प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणा. ती लकव्याच्या आजोबांनाही ओठांवर आणता येते.

अर्ध्या तासानं उठा. चहाचा आग्रह झाला तर पाच मिनिटं आणखी. जाण्याआधी पुन्हा कधी येणार ते सांगा आणि ती तारीख पाळा. ज्या माणसाकडे कोणी येत नाही तो ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

६. हॉस्पिटलमध्ये

भेटीच्या वेळेतच जा, हात धुऊन जा, ताप-खोकला असेल तर जाऊच नका. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाईकाजवळ बसणं हीसुद्धा भेटच. मधुमेहाच्या माणसाला आंबे-द्राक्षं आणि पथ्यावर असलेल्याला घरचा चिवडा, हे प्रकार दर महिन्याला घडतात, आधी फोनवर विचारा.

वॉर्डात शेजारच्या खाटांवर वेगवेगळ्या धर्मांची माणसं असतात. आपल्या माणसाच्या कानाशी, हळू आवाजात प्रार्थना करा. शेजाऱ्याला पत्रकं वाटू नका, न मागता त्याच्यासाठी प्रार्थना करू नका. आपण समाचाराला आलोय, प्रचाराला नाही.

हॉस्पिटलात प्रार्थनेइतकाच उपयोग माहितीचा होतो. गटातल्या एकानं तरी या गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, कक्ष असतो. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन दाखल होतानाच तिथे जायचं, बिल आल्यावर नाही. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ते आपण होऊन कोणी सांगत नाही, तिथल्या समाजसेवकांना भेटून विचारावं लागतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड बरोबर असू द्या. मृत्यू झाला तर नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. पेटी, कबर आणि उपासनेच्या धावपळीत घरच्यांचं याकडे लक्ष राहत नाही, ते तुमच्या माणसानं ठेवावं.

७. आपल्या आवाक्याबाहेरचं ओळखा

नव्या माणसाला सगळ्यात मोठा दिलासा कोणता? प्रत्येक प्रश्न आपण सोडवायचा नाही, हे कळणं. आमच्या कार्डावर मागे छापलंय:

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी पाळकांना आणि घरच्यांना कळवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो. त्या माणसाला एकटं सोडून निघायचं नाही. लहान मुलाला त्रास होतोय अशी शंका आली तर १०९८. एकट्या वृद्धांसाठी १४५६७. ॲम्ब्युलन्स १०८. "ऐकलेलं बाहेर सांगणार नाही" ही सही जिवाच्या धोक्याला आणि मुलांच्या छळाला लागू नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा.

औषधं बंद करा असं आपल्यातल्या कोणीही, कितीही विश्वासानं, कधीही म्हणायचं नाही. म्हणालाच तर त्याची भेटीची सेवा त्या दिवशी संपली.

पैसे मागितले तर उत्तर ठरलेलं: "मी स्वतः देऊ शकत नाही, पण कमिटीला सांगते." एटीएम कार्ड, पासबुक, मृत्युपत्र, घराच्या किल्ल्या, कशालाही हात लावायचा नाही.

आणि व्हॉट्सॲप. हे माझं स्वतःचं पाप आहे. एका ताईंनी मला ऑपरेशनचं सांगितलं, मी कळवळून मंडळीच्या ग्रुपवर "प्रार्थनेची विनंती" टाकली, अवयवाच्या नावासकट. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मुलीच्या सासरी पोचलं. त्यांनी मला माफ केलंय, पण आता काही सांगत मात्र नाहीत. आता नियम असा की त्या माणसानं स्वतः मजकूर वाचून "टाका" म्हटल्याशिवाय ग्रुपवर काही जात नाही.

८. आलेली माणसं टिकवा

एका जोडीला दोनच घरं. तिसरं मागितलं तरी देऊ नका. महिन्यातून एकदा तासभर एकत्र बसा. घरांची नावं न घेता "मला काय जड गेलं" एवढंच बोलायचं. वर्षानं प्रत्येकाला विचारा, हे काम सोडायचंय का? सोडणाऱ्याचे आभार सगळ्यांसमोर माना, म्हणजे पुढच्याला आत येताना बाहेरचं दारही दिसतं.

तीन-चार भेटींनंतर नव्या माणसाला सांगा, आता तुम्ही कोणाला तरी बरोबर घ्या. गॅरेजवाल्या काकांनी आपला मेहुणा आणला. तो काकांहून कमी बोलतो.

वहीत मृत्यूच्या तारखा लिहून ठेवा. पहिल्या पंधरवड्यात घरात पाय ठेवायला जागा नसते, दुसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. आमची माणसं मुद्दाम दुसऱ्या महिन्यात जातात, पहिल्या नाताळच्या आदल्या आठवड्यात आणि वर्ष होतं त्या दिवशी.

नाताळचा फराळ नेताना प्लास्टिकच्या पिशवीतून नेऊ नका. स्टीलचा डबा न्या, झाकणावर नाव घालून. तो परत आणायला पुन्हा जावं लागतं, आणि ज्याला संकोच वाटतो त्या नव्या माणसाला दुसऱ्यांदा दार वाजवायला कारण मिळतं. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. गेल्या जानेवारीत एका मावशींनी, ज्यांनी आधी सहा महिने "नको, कोणी येऊ नका" म्हटलं होतं, माझ्या डब्यात कुंडीतल्या झाडाची दोन लिंबं घालून दिली.